रूळ नसलेल्या वाटेवर सायकल

मुलगा युनिव्हर्सिटीला गेला आणि त्याच महिन्यात नवऱ्याला लंडनचा क्लायंट मिळाला. सोमवारी पहाटे तो मँचेस्टरहून निघायचा, तो गुरुवारी रात्री परतायचा. घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलाची सायकल मागच्या शेडमध्ये पडून होती. मला सायकल येत नव्हती. लहानपणी भाऊ शिकला आणि मी कॅरिअरवर बसले, एवढाच काय तो माझा अनुभव.

आमच्या रस्त्याच्या टोकाला रेल्वेची जुनी लाइन आहे. रूळ कधीच उखडले. आता तिथे डांबरी वाट आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. आगगाडीसाठी बांधलेली, म्हणून चढउतार जवळजवळ नाहीच. मधूनमधून वरून रस्त्यांचे पूल जातात, आणि एके ठिकाणी जुन्या स्टेशनाचा प्लॅटफॉर्म शिल्लक आहे. खाली भराव घातल्यामुळे तो आता जेमतेम फूटभर उंच राहिलाय. त्याच्या कडेवर एक पाय टेकवून मी सीटवर बसायला शिकले. पुढचं मात्र जमेना. दोन पायडल मारले की थेट ब्लॅकबेरीच्या काट्यांत.

एक म्हातारी बाई कुत्र्याला फिरवत तिथून जायची. एकदा तिनेच मला काट्यांतून बाहेर काढलं.

"चाकाकडे कशाला बघतेस? समोरच्या त्या पुलाकडे बघ," ती म्हणाली.

"पडेन ना."

"पडशील. मग उठशील."

आणि कुत्र्याला ओढत ती निघून गेली.

पानं गळायला लागली तेव्हा एका दुपारी सायकल चालतच राहिली. पूल आला, गेला. दुसरा आला. लोकांच्या घरांच्या मागच्या बागा, वाळत घातलेले कपडे, कुणाचं तरी ट्रॅम्पोलीन. वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथपर्यंत मी न थांबता गेले. नवऱ्याला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे गं. अर्जंट आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

मुलाला सायकलवरचा माझा फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला, आणि थोड्या वेळाने, 'हेल्मेट कुठाय?' बाकावर बसून मी ते दोन शब्द बराच वेळ बघत राहिले. त्या बाईला सांगावंसं वाटलं, पण परतताना ती दिसली नाही.

शनिवारी नवऱ्याला दाखवायचं ठरवलं होतं. सकाळपासून पाऊस लागला.

"पुढच्या वीकेंडला नक्की बघतो," तो पांघरुणातूनच म्हणाला. खरंच दमला होता बिचारा.

मी रेनकोट चढवला आणि एकटीच निघाले. वाटेवर ओल्या पानांचा थर साचला होता. घसरू नये म्हणून अगदी सावकाश चालवत राहिले. समोरून एक माणूस धावत आला, बाजूला झाला आणि 'मॉर्निंग' म्हणाला. मीही म्हणाले, पण तोवर तो बराच मागे पडला होता.