रद्दीत गेलेली बारा कुपनं

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि एका खलाशापायी पुरती वेडी झाले होते. हा खलाशी आमच्या घरी येणाऱ्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर राहायचा. चित्रकथेतला. दर आठवड्याला कुठल्या तरी वादळात सापडायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत माझा जीव टांगणीला लावायचा.

एकदा साप्ताहिकानं जाहीर केलं, लागोपाठच्या बारा अंकांतली बारा कुपनं दिवाळीपर्यंत पाठवा, चित्रकाराच्या हातच्या मूळ चित्रांचं जाड पुस्तक घरपोच मिळेल. झालं! मला दुसरं काही सुचेना. पण कुपन छापलेलं कुठे, तर चित्राच्या बरोबर पाठीवर. ते कापलं की खलाशाचे पाय जाणार. माझा काही धीर होईना. शेवटच्या दिवशी एकदमच कापू म्हणून मी बाराही अंक माळ्यावर जपून ठेवले. माझ्यासारखी शहाणी मीच!

दसऱ्याआधी आईनं घर काढलं साफ करायला. मी शाळेतून आले तर माळा लख्ख.

"रद्दी दिली," आई म्हणाली. "केवढी धूळ होती गं!"

मी असा गळा काढला की शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. आई बिचारी गोंधळली. कुपनांचं मी तिला सांगितलंच कुठे होतं? रद्दीवाल्याकडे पळाले. तो म्हणाला, गठ्ठा तळ्यापलीकडच्या मोहल्ल्यात गेला, पुड्या करणाऱ्या चाचीकडे.

चाची ओट्यावर बसून कागदी पुड्या चिकटवत होत्या. शेजारी खळीचं भांडं. खळीत मोरचूद घातलेलं, कसर लागू नये म्हणून. मी हुंदके देत सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"या अल्ला, एवढंच ना? रडतेस कशाला? बस हितं."

गठ्ठ्यातली सात पानं अजून तशीच होती. चारांच्या पुड्या झाल्या होत्या. केलेली मेहनत वाया जाणार होती, पण चाचींनी ऊन पाणी आणलं आणि एकेक पुडी भिजवून अलगद उलगडली. मी कुपनं उन्हात वाळत घातली. अकरा. बारावं काही सापडेना.

चाची उठल्या. मग आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला माझं बारावं पान चिकटवलेलं होतं. खलाशी घरी परत येतो आणि धक्क्यावर त्याची आई उभी असते, ते चित्र.

"दुपारीच लावलं," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा पण बोटीवर हाय. दोन वर्षं झाली."

खोटं कशाला बोलू, "राहू दे" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला पुस्तक हवं होतं. चाचींनी ओलं फडकं लावलं आणि नखानं पान सोडवलं. चित्राच्या चिंध्या झाल्या. कुपन शाबूत निघालं, मोरचुदानं जरासं निळसर झालेलं.

पुस्तक आलं. मी ते घेऊन सरळ मोहल्ल्यात गेले. तोवर मला थोडी लाज वाटायला लागली होती. ते धक्क्यावरचं चित्र आत होतं, पानभर मोठं, नुसत्या शाईतलं. मूळ चित्रावर अजून अक्षरं पडलेली नसल्यामुळे तोंडाजवळचे संवादांचे फुगे रिकामेच होते.

"चाची, हे पान तुमचं. कापून देते."

"गप गं! चांगल्या पुस्तकाला भोक पाडतेस व्हय?" असं म्हणून त्यांनी खलाशाच्या आईच्या तोंडाजवळच्या फुग्यावर बोट ठेवलं. "मला वाचता येत नाय. हितं काय लिवलं होतं, ते सांग."

मला सगळं तोंडपाठ. मी आवाज चढवून म्हणून दाखवलं, "बाळा, सात समुद्र जिंकून आलास, धन्य झाले मी!"

चाची खो खो हसल्या. डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या.

"आई असं बोलते काय कधी? ज्यानं लिवलं त्याला पोर नसंल. लिव तू. मी सांगते ते लिव."

त्या पुस्तकाला मी हात धुतल्याशिवाय शिवत नव्हते. तरी दप्तरातून पेन्सिल काढली आणि त्या सांगतील तसं लिहिलं.

पुढे मी जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली. चाचींचे आभार मानायचे मात्र राहून गेले, ते आज मानते. अलीकडे जुनी पुस्तकं जमवणारा एक तरुण घरी आला होता. पानं उलटता उलटता तो थबकला. म्हणाला, "मावशी, पुस्तक अगदी नव्यासारखं आहे, फक्त हे कुणीतरी गिरबटलंय. खोडून देऊ का?"

मी पुस्तक त्याच्या हातातून काढूनच घेतलं. फुग्यात माझ्या बाराव्या वर्षाच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "जेवलास काय?"