आधी देणाऱ्यानं प्यायचा काढा

आसगावच्या तुलाराम वैद्यांकडं औषध आणायला गेलं की पहिला घोट आपल्यालाच प्यावा लागायचा. रोगी राहिला बाजूला. जो कोणी त्याची उसाभर करणार, बायको, सून, भाऊ, त्याला समोर बसवून वैद्य कडू कुटकीचा काढा पाजत. तोंड वाकडं झालं की म्हणत, "समजलं ना आता, काय पाजाचं हाय ते? मंग त्याच्यावर खेकसू नका."

ही घोटाची रीत त्यांची स्वतःची. तिच्यामागचा विचार मात्र चरकाचा, वडिलांच्या तोंडून कानावर पडलेला. हजारो वर्षांपूर्वीचा तो वैद्य सांगून गेला की उपचाराला चार पाय असतात: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. रोग्यानं काय होतं ते न भिता सांगावं. आणि जो रोग आपल्या हातचा नाही, तो वैद्यानं हाती घेऊ नये. तुलाराम हे खाटेचा दाखला देऊन सांगत. एक पाय मोडला की निजणारा खाली. कितीतरी जणांना त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "हे माझ्या हातचं नाही, भंडाऱ्याले न्या." त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट थोडा तोराच होता.

मग गेल्या साली, धान निसवत असताना, त्यांच्या बायकोचे, गीताबाईंचे डोळे पिवळे झाले.

वैद्य म्हणाले, कावीळ. काढा त्यांनीच उकळला, घोटही त्यांनीच घेतला, पाजलाही त्यांनीच. खाटेचे दोन पाय एकट्यानं धरून बसले. रोज सकाळी विचारत, "कसं वाटते?" गीताबाई म्हणत, "हलकं वाटते." वैद्य ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "उतरून राहिली कावीळ."

सून दामिनी एकदा शेण काढायला गोठ्यात गेली, तर सासू भिंतीला धरून वाकलेली. एक हात उजव्या कुशीवर, आणि ओकलेला सगळा काढा खाली.

"आत्याबाई, हे कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. हळू बोल. मामाजीले सांगू नको."

"काहून?"

"अवं, गावभर यांचं औषध लागू पडते. घरच्या बायकोलेच नाही पडलं, तर लोक कायले येतील दारात?"

दामिनीनं पाटी तिथंच ठेवली आणि सरळ ओसरीवर गेली. वैद्य मुळ्या निवडत होते.

"मामाजी, काढा आत्याबाईच्या पोटात राहतच नाही. कुशीत दुखते, ते लपवून राहिल्या. दुसऱ्या कोणाची सासू असती, तर तुमी काय म्हणलं असतं?"

तुले काय समजते, हे शब्द वैद्यांच्या ओठावर आले आणि तिथंच राहिले. कूस बदलताना गीताबाई श्वास रोखून धरतात, हे त्यांना दिसलं होतं. दिसूनही त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर भंडाऱ्याला पाठवावं लागलं असतं.

"ऑटो बोलाव," ते म्हणाले. हातातली मुळी टाकून ते उठले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पित्ताचा खडा नळीत अडकलाय, आत पू झालाय, लवकर आणायला हवं होतं. वैद्य "हो" म्हणाले. आपण कोण, काय करतो, हे त्यांनी सांगितलं नाही. सोबत कोण राहणार, असं विचारल्यावर तेवढं म्हणाले, "मी."

ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गीताबाई खाटेवर नुसत्या लुगड्याच्या घडीएवढ्या दिसत होत्या. नर्सनं टोपणात पातळ औषध ओतून दिलं. वैद्यांनी आधी आपल्या जिभेला लावलं.

"बाबा, ते पेशंटचं आहे."

"मालूम हाय पोरी. गोड हाय."

गीताबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. वैद्यांनी त्यांना औषध पाजलं आणि सवयीनं विचारलं, "कसं वाटते?"

"हलकं," म्हणता म्हणता त्या थांबल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, "दुखते. लय दुखते."

"कुठं?"

त्यांनी वैद्यांचा हात धरून दुखतं तिथं नेला. वैद्यांनी दाबलं नाही, काही तपासलं नाही. हात नुसता तिथं राहू दिला.