कमी उजेडाच्या नोंदी

निवृत्ती जवळ आली की विद्यापीठ प्राध्यापकाकडून त्याच्या संशोधनाची जंत्री मागवतं. शोधनिबंध किती, विद्यार्थी किती, कच्च्या नोंदी कुठे ठेवल्यात. मी भौतिक रसायनाचा माणूस. हवेतले वायू प्रकाशावरून ओळखायचे, हा माझा आयुष्यभराचा उद्योग. जंत्रीत सगळ्यात वर मी मोठ्या तोऱ्यात सोलापूरच्या हवेवरचा निबंध टाकला. आता त्याचं नाव वाचलं तरी लाज वाटते.

त्या कामाची रीत सोपी होती. एका शाळेच्या गच्चीवर दिवा आणि वर्णपटमापक, अर्ध्या किलोमीटरवर दुसऱ्या गच्चीवर आरसा. दिव्याचा झोत आरशावर जाऊन परत यायचा. वाटेत किती प्रकाश कुठल्या वायूने खाल्ला, त्यावरून तो वायू हवेत किती ते कळायचं. ती दुसरी गच्ची अक्कांची. अक्का तेलुगू घरातल्या, घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायच्या. रोज सकाळी आरसा पुसायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतले पगारी लोकसुद्धा इतके वक्तशीर नव्हते.

अक्कांचे यजमान यंत्रमागावर उभं आयुष्य काढून, छातीचं दुखणं घेऊन घरी बसलेले. डॉक्टरांनी त्यांना सकाळी मोकळ्या हवेत बसायला सांगितलं होतं. पण दोन गच्च्यांच्या मधे कापड रंगवण्याच्या एका कारखान्याचं धुराडं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा अक्कांनी मला सरळ विचारलं, "सर, आमच्या मालकांना सकाळी वर बसवू का नको? धूर येतोय की. तुमी मापताय, तुमीच सांगा."

मी आकडे बघून सांगितलं. खोटं बोललो नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला ऐकवत होतो. सकाळची सरासरी खरोखरच बरी दिसत होती. "खुशाल बसवा, अक्का," म्हणालो. वर मास्तरकीची खोड म्हणून छोटं व्याख्यानही झोडलं: डोळ्यांना दिसतो तो सगळाच धूर घातक नसतो, म्हणून तर यंत्र लागतं. अक्का मान डोलावत होत्या, आणि मला ते आवडत होतं.

आमच्या कामात एक नियम असतो. परत आलेला प्रकाश फारच कमी असला, तर ती नोंद भरवशाची नाही; ती बाद करायची. आरसा मळला असेल, धुकं पडलं असेल, काहीही असेल. नियमात खोट नाही. मी तो संगणकाला शिकवून ठेवला होता आणि बाद नोंदी आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जात होत्या. तो फोल्डर मी कधी उघडला नाही. अक्का तीन-चारदा म्हणाल्या होत्या, "आज आरसा लई काळा व्हता, सर." मी म्हणालो, नीट पुसत जा.

जंत्रीसाठी कच्च्या नोंदी गोळा करताना तो फोल्डर उघडावा लागला. बाद नोंदी वर्षभर विखुरलेल्या असायला हव्या होत्या. त्या जवळजवळ सगळ्या हिवाळ्यातल्या निघाल्या, सकाळी सहा ते आठमधल्या. ती कारखान्याचा बॉयलर पेटायची वेळ. धूर दाट झाला की माझा प्रकाशच परत येत नव्हता, आणि प्रकाश आला नाही म्हणून मी ती वेळच सरासरीतून वगळत होतो. हवा सगळ्यात घाण असायची तेव्हाच माझ्या कागदावर ती नसायची. एखाद्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याची वर्गासमोर सालटी काढली असती.

मासिकाला दुरुस्ती पाठवली. ते सोपं होतं. मग अक्कांकडे गेलो. त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले होते. दुखणं जुनं होतं. धुरानेच गेले असं कोणी म्हणू शकणार नाही, मीही म्हणत नाही. पण दोन हिवाळे ते माझ्या शब्दावर त्या गच्चीत बसले होते. मी सगळं सांगितलं, साध्या भाषेत, काही न लपवता. खरं तर अक्कांनी रागवावं म्हणूनच गेलो होतो. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर जरा हलकं वाटलं असतं.

अक्कांनी शिलाई मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते रोज म्हनायचे, खाली ने मला, घसा जळतोय. मी वरडायची त्यांच्यावर. म्हणलं, सरांनी मापलंय की, तुमाला काय कळतंय?"

अक्कांनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे तोंड वळवलं, हात जोडले आणि हलक्या आवाजात तेलुगूत काहीतरी बोलू लागल्या. मला तेलुगू येत नाही. पण त्या यजमानांची माफी मागत होत्या, एवढं कळलं. माफी मागायला मी आलो होतो.