रविवारचा चौथा गडी

चंपतच्या कॉम्प्युटरवर फवारणी केली ती मारोतराव मास्तरांनी. करताना त्यांच्या मनात चंपतचं भलं करण्यापलीकडे काही नव्हतं, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर अनसिंग गावभर जे सांगितलं गेलं त्यात हा भाग कुणी घेतला नाही.

मास्तरांनी तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं होतं. अशा माणसाला कुठल्याही बिघाडाचं कारण लगेच सापडतं, आणि तिथंच घात होतो. कॉम्प्युटर तापतो आणि ऐन खेळात बंद पडतो, अशी चंपतची तक्रार होती. मास्तरांनी शनिवारी दुपारी येऊन डब्याचं झाकण काढलं, आत बोटभर धूळ पाहिली आणि म्हणाले, "उष्णतेले बाहेर निंघाले वाटच नाई ना!" निदान अगदी बरोबर होतं. उपचार मात्र घरात जे सापडलं त्यानं झाला.

कोपऱ्यात चंपतचा पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप उभा होता. टाकीत काही नसलं की तो नुसती हवा फेकतो, आणि अशी फेकतो की सोयाबीनच्या भुशाचा ढीग बांधापलीकडे जावा. मास्तरांनी टाकी पाहिली, रिकामी. नळी पाहिली नाही. नळीत आदल्या दिवशी वांग्यांवर मारलेल्या औषधाचा घोटभर अंश शिल्लक होता. कॉम्प्युटर बंद होता, पण भिंतीतली पिन काढायची राहिली होती. मास्तरांनी दोरी ओढली, पंप बंद खोलीत गरजला, आधी धूळ उडाली, मग बारीक तुषार उडाले, आणि मग डब्यातून 'फट' असा एकच आवाज आला.

चंपतची बायको गोजराबाई पदर नाकाला लावून दारात आल्या. धूर, औषधाचा वास आणि पाठीवर पंप घेतलेले मास्तर एवढं सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं.

"काहून मास्तर, मावा पडला होता का त्याच्यावर?"

चंपत मागनं आला. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अर्धी बांधलेली जुडी होती. तो ओरडला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. त्यानं डब्यात डोकावलं, जुडीला राहिलेली गाठ मारली आणि विचारलं, "उद्या तीन वाजेपर्यंत होईन का हे?"

हा कॉम्प्युटर चंपतच्या पोरानं, स्वप्निलनं, अकोल्याला शिकताना जोडला होता. पेटी एकाची, प्रोसेसर दुसऱ्याचा, आणि गेमची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड तिसऱ्यानं वापरून सोडलेलं. घरी सांगताना 'अभ्यासाले पायजे' असं सांगितलं होतं. अभ्यासाच्या यंत्राला लाल-निळे दिवे कशाला लागतात, हे चंपतनं विचारलं नाही. पुढे स्वप्निल पुण्याला नोकरीला लागला, त्यानं नवा लॅपटॉप घेतला, आणि हा डब्बा अनसिंगला कांद्याची पोती आणि बियाण्याच्या थैल्या यांच्यामधे लोखंडी टेबलावर येऊन बसला. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्याच्याकडेच असायचं.

"माणसायच्या आंगाले वारा नाई, अन् त्या डब्ब्याले गारवा," गोजराबाई म्हणायच्या. "माह्या माहेरचं कोणी आलं तं हा माणूस पंखाबी तिकडं वळवत नाई."

चंपत पंचावन्न-छप्पन्नचा. नाल्याच्या काठी अडीच एकर, त्यात वांगी, मेथी, सांबार, हंगामात टमाटे. रोज उजाडायच्या आत माल घेऊन वाशिमच्या हर्राशीला, भाजीच्या लिलावाला. तिथं भाव चढला तरी त्याचं तोंड तेच, पडला तरी तेच. अडत्यांना याचा फार राग यायचा. या माणसाला आपण बुडवलं की तारलं, हेच त्यांना कळायचं नाही. कुणाकडे काही मागायचं असलं की चंपत समोरच्याला आधी चहा पाजायचा आणि मग न मागताच घरी यायचा.

असा माणूस बंदुकांच्या गेममधे शिरला त्याला दोन वर्षं झाली. हा गेम चौघांचा. चौघांनी आपापल्या घरी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि पडद्यावरच्या एका ओसाड बेटावर उतरून बाकीच्या सगळ्यांना मारायचं. स्वप्निलच्या चौघांपैकी एकाचं लग्न झालं आणि जागा रिकामी पडली. दिवाळीत घरी आला तेव्हा स्वप्निल म्हणाला, "बाबा, तुमी नुसते उभे राहा. चौथा नसला तं जमत नाई." त्यानं गोजराबाईंच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या चार टिकल्या काढून चालायच्या चार बटनांवर चिकटवल्या, आणि जाताना सांगून गेला: दर रविवारी, दुपारी तीन.

पहिल्या महिन्यात चंपतनं बेटावर जो भेटेल त्याला "काय भाऊ, कोणत्या गावचे?" असं विचारलं. उत्तरादाखल गोळ्या आल्या. पुढे त्यानं आपलं काम आपणच शोधून काढलं. गोळी त्यानं कधी झाडली नाही. पडक्या घरांमधे शिरून तो दवापट्ट्या आणि काडतुसं गोळा करायचा आणि पोराच्या मागं मागं फिरायचा. पोराला गोळी लागली की धावत जाऊन पट्टी बांधायचा. जुड्या बांधणारा हात. गाठ पक्की बसायची.

"स्वप्निल, जेवला का बे?" चहूकडून गोळ्या सुटत असताना चंपतचा आवाज.

"हो बाबा. बाबा, डाव्या अंगाले पाहा!"

"काय जेवला?"

"बाबा, झाडामागं हाय तो! बाबा—"

"भाजी कोणती होती?"

"मेलो मी, बाबा!"

"अरे, पट्टी घेऊन येऊन राह्यलो ना."

मास्तर रविवारी चहाच्या निमित्तानं तिथं बसत आणि हसून हसून त्यांचा चहा बशीत सांडत असे. गोजराबाई मात्र पाठीमागं उभ्या राहत. कितीही शिव्या दिल्या तरी रविवारी तीनला त्या तिथं असतच, कारण हेडफोनचा एक कान चंपतनं त्यांच्या बाजूला वळवून ठेवलेला असे.

चौकातल्या हॉटेलात लोक विचारत, "चंपतभाऊ, आज किती मुडदे पाडले?"

"एकबी नाई. पोरानं सात पाडले," चंपत सांगायचा. आवाज हर्राशीतलाच, पण सात म्हणताना किंचित चढायचा.

फोनवर स्वप्निल दीड मिनिटाचा माणूस होता. "मीटिंगमधे हाय बाबा, नंतर करतो." नंतर कधी यायचंच नाही. गेममधे मात्र तो दोन तास मिळायचा, सलग, आणि बापाची गरज असलेला मिळायचा. हे चंपत कुणाला बोलला नव्हता. बोलायची गरजही नव्हती; ते दोन तास कोणी मोजत नव्हतं, पण आठवडा त्यांच्याभोवतीच बांधलेला होता.

आणि गेल्या दोन महिन्यांत नेमका डब्बा धापा टाकू लागला. गेमची नवी आवृत्ती आली, ती जड होती. वीस मिनिटं झाली की पडदा काळा. "बाबा, तुमी मधातच गायब होता, आमी हरतो ना," स्वप्निल म्हणाला. रागानं नाही म्हणाला, पण म्हणाला. म्हणून चंपतनं आयुष्यात पहिल्यांदा चहा न पाजता थेट मागणं मागितलं होतं: "मास्तर, जरा पाहून देता का?"

मास्तरांनी पाहून दिलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी तीन वाजता चंपत मेथीला पाणी द्यायला गेला. मेथीला सकाळीच पाणी दिलेलं होतं. सोमवारी डब्बा पोत्यात बांधून वाशिमला प्रेमसिंगच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ठेवला. प्रेमसिंग म्हणाला, बुधवारी या. बुधवारी तो साळीच्या लग्नाला तांड्यावर गेलेला होता. असा आणखी एक रविवार गेला, आणि मेथी पिवळी पडू लागली.

पुढच्या सोमवारी मास्तर हट्टानं चंपतसोबत गेले. हा प्रेमसिंग त्यांचाच विद्यार्थी. त्यानं डब्बा उघडून टेबलावर ठेवला होता आणि शेजारी उदबत्ती लावली होती.

"पूजा कायची रे?" मास्तरांनी विचारलं.

"पूजा नाई सर, वास हाय. आठ दिवसांपासून गिऱ्हाईक विचारून राह्यलं, कृषी केंद्र टाकलं का म्हणून." मग तो चंपतकडे वळला. "काका, प्रोसेसर जित्ता हाय. कार्डबी जित्तं हाय. मदरबोर्ड मेला. अन् असा बोर्ड आता बनत नाई."

"मंग?"

"दोन रस्ते हायेत. एक, कोणाचा वापरलेला बोर्ड आणून बसवतो. शुक्रवारपर्यंत होऊन जाईन. पण तो तुमचा नवा गेम कितीक वेळ झेपन, ते मी सांगत नाई. दुसरा, नवा बोर्ड. त्याच्यावर हा प्रोसेसर बसत नाई. नवा प्रोसेसर घेतला तं जुनी रॅम बसत नाई. अन् एवढं सगळं नवं केलं का मंग हे जुनं कार्ड मांगं पडते."

"म्हणजे एका बैलापायी जोडी बदला, जोडीपायी बैलबंडी बदला," चंपत म्हणाला.

"तसंच. अन् रॅमचे भाव सध्या लय चढले. काही महिन्यांतच दुपटीच्या वर गेले."

भाव म्हटल्यावर चंपतमधला भाजीवाला जागा झाला. "काहून? आवक कमी हाय का?"

"तसंच समजा. मोठ्या कंपन्या सारा माल आधीच उचलून राह्यल्या."

"मंग थांबलं तं उतरन ना."

"कधी उतरन ते कोणी सांगत नाई, काका."

"टमाट्याचंबी कोणी सांगत नाई," चंपत म्हणाला, आणि डब्याकडे पाहत राहिला.

मास्तरांना राहवेना. "नवाच घे चंपत. पैसे मी देतो. चूक माही हाय." त्यांनी बोलता बोलता डब्यातल्या एका वायरीकडे बोट नेलं.

"मास्तर, तुमी हात नका लावू कायलेच," चंपत म्हणाला. प्रेमसिंग हसला. मास्तरांनी हात खिशात घातले.

"नवा किती दिवसांत होईन?" चंपतनं विचारलं.

"माल नागपूरहून येईन. चौदा-पंधरा दिवस."

म्हणजे आणखी दोन रविवार. चंपत मनातल्या मनात तोलत होता, हे मास्तरांना दिसत होतं. जुना बसवला तर येत्या रविवारी तीनला खुर्चीवर. पण वीस मिनिटांत पडदा काळा झाला तर पोरगा पुन्हा हरणार. नवा घेतला तर पुन्हा गायब व्हायचं काम नाही. पण पोरगा तोवर चौथ्यावाचून बसणार. अडत्यांना जे तोंड कधी वाचता आलं नाही, ते त्या दिवशी कुणालाही वाचता आलं असतं.

"ज्यानं जोडला त्यालेच विचारा ना, काका," प्रेमसिंग म्हणाला.

कामाची वेळ होती. तरी चंपतनं फोन लावला, आणि प्रेमसिंगलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. स्वप्निलनं तिसऱ्या रिंगला उचलला. प्रेमसिंगनं बोर्डाची सगळी हकीकत सांगितली. दोघं पाच मिनिटं अशा भाषेत बोलले की मास्तरांनी नुसती मान हलवली.

मग स्वप्निल म्हणाला, "पण दादा, बाबासाठी कायले एवढं? बाबा, आयकून राह्यले ना?"

"हो हो. बोल."

"काहीच नका करू बाबा. खर्च कायले करता? आमाले चौथा भेटला. ऑफिसातला सार्थक. दोन रविवारपासून तोच बसते. लय भारी खेळते! या खेपेला तं आमी पयला नंबर काढला."

"पयला?"

"पयला! दोन वर्षांत पयल्यांदा."

"बरं झालं," चंपत म्हणाला. "लयच बरं झालं."

"आता तुमाले बसा लागत नाई. किती जबरदस्तीनं बसवत होतो आमी तुमाले!" स्वप्निल मोकळेपणानं हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बापाच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्याचं समाधान होतं. "आईले सांगजा, फोन करतो म्हणून. ठेवू का? मीटिंग हाय."

"जेवला का—"

फोन ठेवून झाला होता.

प्रेमसिंगनं एक स्क्रू उगाच काढला आणि पुन्हा बसवला. उदबत्तीची राख टेबलावर पडली. चंपतनं फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, पोतं झटकलं, आणि डब्बा त्यात नीट बसतो का ते पाहू लागला.

"मंग कोणतं करू, काका?" प्रेमसिंगनं हळूच विचारलं.

"राहू दे. घरी नेतो."

फवारणी केल्यापासून आपण या माणसाचं काहीतरी देणं लागतो हे मास्तरांना रोज टोचत होतं, आणि आता ते देणं फिटायची वाटच बंद होत होती. ते घाईघाईनं म्हणाले, "चंपत, अरे, त्याच्या टीमचं सोड. मी नवा घेऊन देतो तुले, कार्डासकट. त्या गेमात दुनियाभरचे लोक असतात, त्यायच्यासंग खेळ. दोन वर्षांचा नाद हाय तुहा, तो कायले मोडतं?"

चंपतनं पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली.

"मास्तर, मले तो गेम कधीच आवडला नाई."