सर्व्हरच्या पत्र्यावरची लाल अक्षरं

लाल मार्करचं टोपण उघडलं की त्या उग्र वासासरशी मला लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजातला सर्व्हर आठवतो. मुलांच्या सगळ्या फायली त्यावर असायच्या आणि तो सांभाळायचं काम माझं होतं. गुरुवार होता, म्हणजे वीज जाणारच. सकाळी पडद्यावर डिस्क बिघडल्याचा इशारा आला आणि मी काही करायच्या आतच वीज गेली. मी सर्व्हरच्या पत्र्यावर लाल मार्करनं लिहिलं, 'डिस्कमध्ये चूक, तपासल्याशिवाय वापरू नये.' संध्याकाळी वीज येताच सर्व्हर आपोआप उठला. अर्धवट राहिलेली कामं त्यानं डिस्कवरच्या जुन्या नोंदी वाचून पुरी केली, पण त्या भरात डिस्कमधल्या बिघाडाची खूणही पुसून टाकली आणि पडद्यावर 'सगळं ठीक' आलं. विभागप्रमुख खूश. "मशीन स्वतः सांगतंय ना? उद्या मुलांचे प्रोजेक्ट जमा व्हायचेत, द्या त्यांना सर्व्हर," म्हणत ते रुमालानं माझी अक्षरं पुसायला लागले. मी आडवा उभा राहिलो. "तपासल्याशिवाय नाही, सर. हवं तर नोकरीवरून काढा." तेवढ्यात आमचे गावातलेच लॅब अटेंडंट पुढं आले. "सकाळचा इशारा मीबी बघितलाय. वीज गेली आन् आली म्हून त्यो खोटा व्हतोय व्हय?" सर फणकाऱ्यानं निघून गेले. तपासलं तर मुलांच्या फायली एकमेकींत घुसलेल्या निघाल्या. त्या डिस्कवर आणखी काही साठवलं गेलं असतं, तर एकही वाचली नसती. सरांनी ते कधीच कबूल केलं नाही. आता मशीनं फार शहाणी झालीत म्हणे. असतील. माझ्या टेबलावर लाल मार्कर अजून आहे, आणि रुमाल घेऊन येणाऱ्यासमोर मी आजही आडवा उभा राहतो.