कुसुमताईंनी सोडलेलं बाजूचं दार

लग्न होऊन मी खापरखेड्याच्या वीज वसाहतीत आले, त्याच आठवड्यात कुसुमताई आमच्या दारी उभ्या राहिल्या. राममंदिराच्या महाप्रसादासाठी त्या घरोघर मूठभर तांदूळ मागत. आमच्याकडे मोजून शिजायचं, म्हणून मी देवासाठी कणीचा डबा काढला. ताईंनी पिशवी पुढे केली नाही. म्हणाल्या, "तुमच्या घरी जे शिजते तेच दे वं. कणी शिजत असंल, तर कणी दे." मी घरचा तांदूळ दिला. मी दहावी झाले आहे हे कळताच त्यांनी मंदिराच्या सेवामंडळाचा हिशेब माझ्या गळ्यात घातला, तो आजतागायत आहे.

हे मंडळ ताईंनीच उभं केलं. रामनवमीचा सुंठवडा त्यांच्या हातचा. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ताई रोज दुपारी त्यांच्या उशाशी येऊन बसत आणि मला दटावून झोपायला पाठवत. असं त्यांनी वसाहतीत किती घरी केलं असेल, रामालाच ठाऊक.

आमच्या मंदिराला स्वयंपाकघराच्या बाजूनं एक लहान दार आहे. आम्ही मंडळाच्या बायका भांडी घेऊन तिथूनच ये-जा करायचो, जाता-येता दर्शनही होऊन जायचं. पुढे त्याच दारानं देणगीदार आणि त्यांचे पाहुणे येऊ लागले. ताई बैठकीत म्हणाल्या, हे दार भांड्यांचं आहे, माणसांनी रांगेतून यावं, मंडळानंसुद्धा. कोणाला ते पटलं नाही. ताईंनी मंडळ सोडलं.

मंडळाची निंदा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. पण मंडळामुळे जे मिळत होतं, ते त्यांनी सगळं एकदम सोडलं. बाजूचं दार सोडलं, पहिली पंगत सोडली. सर्वांत जड गेली ती पाळण्याची दोरी. रामजन्माला पहिली दोरी ओढून पाळणा म्हणण्याचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच होता.

पुढच्याच रामनवमीची गोष्ट. नागपूरकडचं चैत्राचं ऊन, निर्जळी उपास, आणि ताई डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन रांगेत अगदी मागे, चपलांच्या मांडणीपाशी. बाराच्या आत त्या आत पोचणार नाहीत, हे दिसतच होतं. मी धावत गेले. म्हटलं, ताई, इकडून चला, बारा वाजून राहिले.

"त्या दारानं मी मंडळाची म्हणून जात होती," त्या म्हणाल्या. "आता कोण म्हणून जाऊ, सांग बरं?"

मागोमाग मंडळाचे अध्यक्ष आले. "काकू, आमचा राग देवावर काहून काढता?"

"राग नाही जी. गुडघे दुखून राहिले, तेवढंच," ताई हसून म्हणाल्या. "जा तुम्ही, तिकडे देव जन्मून जाईन."

आत शंख वाजला. रांग थांबली. पाळणा कोणी म्हणावा, या घोळात आतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात बाहेरून ताईंचा आवाज आला. चपलांच्या मांडणीपाशी उभ्या उभ्या त्यांनी पाळणा धरला होता. रांगेतल्या बायकांनी साथ दिली, मग आतल्यांनीही. दोरी आत होती आणि गाणं बाहेर. पण पाळणा हलला.

बऱ्याच वेळानं ताईंना दर्शन झालं. चिमूटभर सुंठवडा तोंडात टाकून त्या एवढंच म्हणाल्या, "सुंठ कमी पडली वं." ती खरंच कमी पडली होती.

पुढच्या वर्षी मंडळानं रांगेवर हिरवी जाळी ताणली. दार मात्र तसंच आहे. मंडळाचा हिशेब मी अजून लिहिते, पण दर्शनाला रांगेतूनच, ताईंच्या मागे उभी राहते. त्यांच्यासाठी घडीचं स्टूल नेते. ते त्या दरवेळी दुसऱ्याच कोणाला तरी बसायला देतात.

यंदा ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. रामराया, त्यांना शंभरी दे, आणि गुडघ्यांतही तेवढीच ताकद दे. शंभराव्या वर्षीही बाजूच्या दारानं त्या येणार नाहीत, हे तुला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.