सीट कोणी हलवली

आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. मुलाच्या नव्या विजेच्या गाडीत मी भर सदर बाजारात अडकलो, आतून काचा बडवत ओरडलो आणि अखेर एका रसवाल्याने मला ओढून बाहेर काढले, असा तो किस्सा. माझे मेहुणे यंदा गणपतीच्या मंडपात तो साभिनय सादर करीत होते आणि मंडळी पोट धरून हसत होती. त्यात सदर बाजार खरा आहे, गाडी खरी आहे आणि रसवालाही खरा आहे. बाकी सारे खोटे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो मी अजून हयात आहे, तेव्हा काय घडले हे सांगण्याचा पहिला अधिकार माझा.

जबलपुरातल्या लष्करी गाड्यांच्या कारखान्यात मी सदतीस वर्षे तपासनीस होतो. ट्रक तयार होऊन रांगेत उभा राहिला की तो आमच्या हाती येई. दोष सापडला तर त्या जागी लाल खडूने फुली मारायची आणि वहीत नोंद करायची. नोंदीचेही नियम होते. ‘ब्रेक नीट लागत नाही’ असे लिहिणाऱ्याला मी वही परत करीत असे. गाडी चढावर होती की सपाटीवर, भार किती होता, शेजारी कोण बसले होते, हे सर्व लिहायचे. आपल्याला काय वाटले ते लिहायचे नाही, काय दिसले ते लिहायचे. आणि खाली दोन सह्या, एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची. साक्षीदाराच्या सहीवाचून दोष सिद्ध होत नसे.

माझा मुलगा दंतवैद्य आहे. त्याने ही गाडी नागपूरहून आणली, कारण एवढ्या मोलाची गाडी विकणारे दुकान आमच्या शहरात नव्हते. गाडी देखणी होती, हे मी पहिल्या दिवशीच मान्य केले. पण मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणालो, “वायपर पावसात आपोआप सुरू होतात असे पत्रकात लिहिले आहे. ते होत नाहीत.”

“ते पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे, बाबा.”

“आणि गाडी स्वतःच जागा शोधून उभी राहते, ते?”

“तेही येईल. सॉफ्टवेअर आहे ते. हवेतून येतं.”

“आम्ही लडाखला ट्रक पाठवत होतो. जवानाला सांगायचे होते काय, की तू निघ, वायपर मागाहून हवेतून येईल?”

सूनबाई हसली. ती नागपूरची, तिला माझ्या बोलण्याची मौज वाटते. मुलगा म्हणाला, “अच्छा बाबा, आता चालवून तर बघा!” आणि त्याने मला एक पातळ कार्ड दिले. तीच चावी. ते दोघे मोबाइलनेच गाडी उघडत. मी मोबाइल घराबाहेर नेत नाही. कारखान्याच्या फाटकावर तो जमा करावा लागे, तेव्हापासून तो घरी ठेवूनच निघण्याची सवय जडली आहे.

पहिले दोन आठवडे मुलगा किंवा सून शेजारी बसे, ते सुखाचे गेले. सत्त्याहत्तराव्या वर्षी अशी गाडी हाती यावी, याचा मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही.

मग एके दिवशी अधारतालच्या रस्त्यावर, भाजीच्या दुकानांसमोर गाडी थांबवली असता, माझी सीट हळूहळू पुढे सरकू लागली. गुडघे डॅशबोर्डला टेकले, आरसे वळले. घरी येऊन मी ते सांगितले. मुलगा म्हणाला, “हात लागला असेल बटनाला.” दुसऱ्या वेळी डॅशबोर्डवरचा पडदा, ज्यावर गाडीचा सारा कारभार चालतो, काळा पडला. तिसऱ्या वेळी गाडी सिग्नलवर आपण होऊन पार्किंगच्या गिअरमध्ये गेली, जागची हलेना आणि मागच्या ऑटोवाल्याने माझ्या वयाचा उद्धार केला. मुलाने दुकानात फोन लावला. तिकडच्या माणसाने दुरूनच गाडीची तपासणी केली आणि सांगितले, “गाडी में कुछ नहीं है सर, कोई गलत बटन दबा रहा है.”

“आम्हाला तर कधीच असं नाही झालं, बाबा,” मुलगा म्हणाला. आवाज मऊ होता. त्या मऊपणानेच मी सावध झालो.

येथे मला माझ्या थोरल्या भावाविषयी सांगितले पाहिजे. माझ्याच वयाला पोहोचल्यावर त्याच्या वस्तू हरवू लागल्या. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडे, चपला गच्चीवर. तो रागावून म्हणे, “माझ्या वस्तू कोणीतरी हलवतं.” आम्ही हसण्यावारी नेले. दोन वर्षांत तो स्वतःच्या दारासमोर उभा राहून घर कुठे आहे असे विचारू लागला. आणि त्या आठवड्यात जेवताना, मुलगा आणि सून समोर बसले असता, मी माझ्याच तोंडून ऐकले, “सीट मी नाही हलवली. ती कोणीतरी हलवतं.”

ताटातला घास तसाच राहिला. त्या दोघांनीही ते वाक्य ओळखले होते.

त्यानंतर चार दिवसांनी सदर बाजारातला तो प्रसंग घडला. मी नवा चष्मा आणायला गेलो होतो. दुपारचे साडेबारा, चौकात गर्दी. गाडी थांबली, पडदा काळा पडला, दाराचे बटन दाबले तर दार उघडेना. मागून भोंगे वाजू लागले. कोपऱ्यावरचा रसवाला धावत आला आणि काचेला तोंड लावून ओरडला, “दादाजी, शीशा तोड़ दें क्या?”

“खबरदार!” मी म्हणालो. “हात मत लगाना!”

ओरडलो ते एवढेच, आणि ते मदतीसाठी नव्हते. या गाडीचे चारशे पानांचे पुस्तक घरात केवळ मी वाचले होते. मुलाच्या संगणकावरून घेऊन मी ते दुकानात छापून आणले होते. दाराच्या खालच्या कप्प्यात, रबराच्या झाकणाखाली एक लहान दांडी असते. ती मी ओढली, दार उघडले आणि स्वतःच्या पायांनी उतरलो. रसवाल्याने मला उसाच्या रसाचा पेला दिला, त्याने मला दिलेला हात एवढाच. अकरा मिनिटांनी पडदा उजळला आणि मी गाडी घरी आणली.

किस्सा सांगणाऱ्यांना जे ठाऊक नाही तेही सांगतो. पेला तोंडाला लावण्याआधीच निम्मा रस मी सदऱ्यावर सांडला. गाडीची भीती मला वाटली नव्हती. दांडी ओढण्यापूर्वी, बंद दाराआड बसलो असताना मनात आले होते की हे बटन खरोखर मीच दाबले असेल आणि मला आठवत नसेल, तर?

संध्याकाळी मुलाने कार्ड मागून घेतले. “काही दिवस नका चालवू, बाबा.”

सूनबाईने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरवली होती, पुढच्या मंगळवारची. मी नकार दिला. ती जवळ येऊन बसली.

“काहून एवढी जिद्द करून राहिले तुम्ही? एकदा दाखवून घ्यायला काय जातं?”

“निकाल तुम्ही लावून ठेवला आहे. आता डॉक्टरांची केवळ सही हवी आहे.”

“असं नका बोलू न, बाबा.” तिचे डोळे भरले होते. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण ते परत घेतले नाही. आजही पूर्णपणे घेत नाही.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून पहाटेच उठून मी नोंदवही उघडली. होय, पहिल्या दिवसापासून मी या गाडीचीही वही ठेवली होती. जागा, वेळ, शेजारी कोण. चौदा नोंदी दोषाच्या होत्या. चौदाही वेळा मी गाडीत एकटा होतो. मुलगा किंवा सून शेजारी असताना एकदाही काही घडले नव्हते. वही माझ्याच विरुद्ध साक्ष देत होती. असा तपास दुसऱ्याचा असता तर मीही म्हाताऱ्यालाच दोषी ठरवले असते.

पण दोषाच्या नोंदींबरोबर मी निर्दोष फेऱ्याही लिहिल्या होत्या, कारण आमची पद्धत तशी होती. त्यांत एक फेरी अशी सापडली, जेव्हा मी एकटा होतो, तासभर हिंडलो, दोनदा थांबलो आणि गाडी शहाण्यासारखी वागली. शेजारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘मागील सीटवर सूनबाईचा मोबाइल विसरलेला. परतताना वाजला.’

मी ते वाक्य किती वेळा वाचले सांगता येणार नाही. चौदा वेळा गाडीत माझ्याजवळ माणूस नव्हता, हे खरे. पण मोबाइलही नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी मी मुलापुढे वही ठेवली आणि म्हणालो, “परवा रविवारी मझौली गावापर्यंत जाऊन येऊ. गाडी तू चालव. कार्ड तुझ्याकडे आहेच. तुझा मोबाइल घरी राहील.”

“बाबा, पेशंटचे फोन येतात.”

“एक दिवस लोकांचे दात दुखू देत. दात तुझे नाहीत. डोके माझे आहे.”

त्याने वही वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाला, “चलो. पण काही झालं नाही, तर मंगळवारी तुम्ही मुकाट्याने डॉक्टरकडे येणार.”

मी कबूल केले. हरलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दोन दिवसांत केला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

रविवारी आम्ही दोघेच निघालो. थंडीचे दिवस होते, दोन्ही बाजूंना मटारची शेते. तासभर काही घडले नाही. मंगळवारची तयारी मुलाच्या चेहऱ्यावर दिसू लागली. मझौलीच्या अलीकडे बैलगाडीला वाट देण्यासाठी त्याने गाडी कडेला थांबवली. मी डावीकडे बसलो होतो, हात मांडीवर, दोन्ही दिसतील असे ठेवलेले.

आणि त्याची सीट सरकू लागली.

“बाबा! बाबा, सीट हलली!”

माझा मुलगा सहा फूट उंच आणि वजनाने भारदस्त आहे. त्याचे पोट स्टिअरिंगला भिडले, गुडघे वर आले, आरसे वळले आणि पडदा काळा झाला. “अरे, मी काही नाही केलं! मी हात पण नाही लावला!”

“बटनाला हात लागला असेल,” मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात एवढे गोड वाक्य मी दुसरे उच्चारलेले नाही.

तो हसू लागला. पोट दाबले गेल्यामुळे हसताही येईना. मी त्याला रबराच्या झाकणाखालची दांडी दाखवली. तो कसाबसा बाहेर पडला आणि सवयीने खिसे चाचपू लागला, कोणाला तरी फोन लावायला. मोबाइल तर घरी होता. मग आम्ही दोघे बांधावर बसलो. शेतातल्या बाईने विचारले, “क्या हो गया भैया, इतनी बड़ी गाड़ी बंद पड़ गई?” तो म्हणाला, “हाँ दीदी, पड़ गई!” एखादी बढती मिळाल्यासारख्या आनंदाने म्हणाला. तिने ओंजळभर शेंगा दिल्या. आम्ही मटार सोलून खात राहिलो. शेंगा सोलताना माझ्या लक्षात आले की एकही दाणा खाली सांडलेला नाही.

“तुम्हाला काकांसारखं होऊन राहिलंय, असं वाटलं होतं मला,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“मलाही,” मी म्हणालो. हे मी त्यापूर्वी कोणालाही सांगितले नव्हते.

पुढे महिन्याभराने अपडेट आले. त्यासोबत एक ओळ होती, ‘केवळ कार्डाने गाडी चालवताना काही वेळा चालकाची ओळख नाहीशी होऊन सीट व आरसे आपोआप हलण्याची अडचण दूर केली आहे.’ क्षमा वगैरे काही नाही. दूर बसलेल्या कोणा अभियंत्याने लिहिलेली ती ओळ मी छापून वहीत चिकटवली आहे. मुलगा हल्ली लोकांना सांगतो की दोष त्याने शोधला, मझौलीच्या वाटेवर. त्याने शोधला नाही, त्याने भोगला. या दोहोंतला फरक मी त्याला दर वेळी चारचौघांत समजावतो.

मंगळवारी मी डॉक्टरांकडे गेलो, हेही नमूद करतो. पैज मी जिंकली होती, जाणे बंधनकारक नव्हते. पण सूनबाईचे डोळे आठवत होते, म्हणून स्वतः म्हणालो की चल. डॉक्टरांनी उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचे चित्र काढायला लावले. सर्व ठीक निघाले. परतताना सून म्हणाली, “मग, झालं न समाधान?” माझे झाले होते, पण दोन दिवस आधीच.

ते त्या बांधावर झाले होते. अकरा मिनिटे झाली, पडदा उजळला, तेव्हा मी वही काढून पंधरावी नोंद केली. जागा, वेळ, बैलगाडी, चालक मुलगा, मोबाइल नाही. खाली माझी सही केली आणि वही त्याच्यापुढे धरली. त्याने साक्षीदार म्हणून सही केली. बोटांना मटारचे हिरवे लागले होते, ते कागदावर उमटले. मग त्याने ते पातळ कार्ड माझ्या हातात ठेवले आणि स्वतः वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेला.

मी सीट मागे घेतली, आरसे नीट केले आणि गाडी जबलपूरकडे वळवली. वायपर मात्र अजून आलेले नाहीत.